उधाण आणि मुबलक



आजचे हे भाषण एका विद्यार्थ्याच्या चुकीतून निघाले आहे. ती चूक त्याची की माझी, ते पुढे तुम्हीच ठरवा.

पनवेलच्या बाजूच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. एके दिवशी उताऱ्यात 'ॲबंडंट' हा शब्द आला. मी तो फळ्यावर लिहिला आणि वर्गाला मराठी प्रतिशब्द विचारला. उत्तरे भराभर आली. कुणी म्हणाले पुष्कळ, कुणी भरपूर. एका मुलीने 'विपुल' म्हटले, दुसऱ्याने 'मुबलक'. इतक्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, उधाण."

वर्ग हसला. मीही हसलो. "अरे, उधाण हे नाम आहे. मी विशेषण विचारतोय," असे म्हणून व्याकरणाची काठी त्याच्यावर उगारली आणि पुढे गेलो. मुलगा गप्प बसला. तो उलव्याचा. म्हणजे आज जिथे विमाने उतरतात तिथल्या जुन्या उलवे गावातल्या घरचा.

रात्री सहज म्हणून मोठा इंग्रजी कोश उघडला, आणि माझे हसू माझ्यावरच उलटले. 'ॲबंडंट' हा शब्द इंग्रजीत आला तो चौदाव्या शतकात, फ्रेंचांच्या हातून. फ्रेंचांना तो लॅटिनने दिला. लॅटिनमध्ये 'अब्' म्हणजे पासून, बाहेर. आणि 'उंडा' म्हणजे लाट. लाट काठ सोडून बाहेर सांडते, ओसंडते, ती क्रिया म्हणजे 'अबुंडारे', आणि त्या क्रियेपासून 'ॲबंडंट'. काठ ओलांडून पाणी आत यावे इतके ते जास्त! यालाच तर खाडीकाठचा माणूस उधाण म्हणतो. मागच्या बाकावरच्या मुलाने कोश न पाहता जे सांगितले ते मला कोश पाहून कळले.

या शब्दाचा लिहिण्यातला इतिहासही मजेचा आहे. मध्ययुगात युरोपातले लेखक त्याच्या आरंभी एक 'ह' जोडीत आणि 'हॅबंडंट' असे लिहीत. त्यांना वाटे, 'जवळ असणे' या अर्थाच्या 'हाबेरे' या लॅटिन क्रियापदापासून तो आला असावा. ज्याच्याजवळ पुष्कळ असते तो श्रीमंत, तेव्हा हे पटण्यासारखेही होते. पुढे पंडितांना चूक उमगली, 'ह' गळाला आणि लाट पुन्हा शब्दात आली. आपल्याकडे जशा लोकांनी लावलेल्या व्युत्पत्त्या असतात तशीच ही. इंग्रजीचे शिक्षक ऐकत असतील तर त्यांनी ही हकीकत मुलांना जरूर सांगावी. स्पेलिंग लक्षात राहते.

लाटेची पिले इंग्रजीत आणखीही आहेत. पुराने जमीन बुडवणे म्हणजे 'इनंडेट'. त्यात तोच 'उंडा'. आणि ज्याची आता गरज उरली नाही, जो जादा झाला, त्या कामगाराला इंग्रजीत 'रिडंडंट' म्हणतात. तोही त्याच लाटेचा. भरून वाहते ते ॲबंडंट, आणि भरून वाहून परत फेकले जाते ते रिडंडंट. एका आईची ही दोन लेकरे ध्यानात ठेवा. पुढे त्यांची गाठ पडणार आहे.

याहूनही लांबचे नाते सांगतो. लॅटिनचा 'उंडा' आणि आपले संस्कृत 'उदक' हे एकाच कुळातले. संस्कृतात भिजवणे या अर्थाचा 'उन्द्' धातू आहे. इंग्रजीतले वॉटर आणि वेट हे त्याच गोतावळ्यातले. आपल्या 'समुद्र' या शब्दाच्या पोटातही 'उद्र' म्हणून तेच पाणी आहे. तसेच 'प्लेंटी' आणि 'फुल' या शब्दांचे. हे दोन्ही आपल्या 'पूर्ण'चे चुलतभाऊ. म्हणजे मराठी माणूस 'भरपूर' म्हणतो आणि इंग्रज 'प्लेंटी' म्हणतो तेव्हा दोघेही, पाच हजार मैलांच्या अंतरावरून, एकच भरलेले भांडे दाखवीत असतात.

असो. शब्दांच्या या वंशावळीत मी रमलो की माझे विद्यार्थी घड्याळाकडे बघू लागतात. आपण उलव्याकडे वळू.

उलवे हे पनवेल तालुक्यात, पनवेलच्या खाडीच्या दक्षिण अंगाला. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. या साऱ्या किनाऱ्यावर खाडीचे फाटे जमिनीत शिरलेले, आणि त्या फाट्यांच्या कडेने खारी जमीन. ही जमीन कुणी आयती दिलेली नाही. ती माणसांनी समुद्राकडून मागून घेतलेली आहे, आणि तीही उसनी. खाजणातला चिखल काढून, दगड रचून बांध घालायचा. बांधात ठिकठिकाणी पाण्याला वाट ठेवायची, तिला उघाडी म्हणतात. उघाडीच्या दाराची करामत बघा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दार उघडते आणि शेतातले जादा पाणी खाडीत जाते. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. वीज नाही, यंत्र नाही. पावसाने जमिनीतले मीठ धुतले की मोड आलेले भात चिखलात फेकायचे, त्याला रहू टाकणे म्हणतात. अशा मिठाला दाद न देणाऱ्या भाताच्या जाती या भागात पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल' याच नावाच्या जातीही काढल्या. म्हणजे एका गावाचे नाव भाताच्या दाण्यालाही मिळाले.

आता उधाणाचे. अष्टमीच्या आसपास भरती मवाळ असते, तिला भांग म्हणतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात, पाणी चढते, ते उधाण. पावसाळ्यातल्या अमावास्येचे उधाण, वरून पाऊस आणि बाजूने वारा, हे तिन्ही एकत्र आले की बांधावर रात्र जागून काढावी लागे. चिंबोरीने एक बीळ केले असले तरी पुरे. आधी धार लागते, मग माती सुटते, मग खांड पडते. खांड पडली की खारे पाणी शेतात. उभे पीक तर जातेच, पण जमिनीत मुरलेले मीठ पुढचे पावसाळे धुऊन काढीपर्यंत तिथे धड काही पिकत नाही. म्हणून खांड पडली अशी हाक आली की ज्याचे शेत तो तेवढा धावत नसे, गाव धावे. कारण पाणी सातबारा वाचून आत येत नाही.

आणि तरीही उधाण म्हणजे नुसते संकट नव्हे. त्याच पाण्यावर मिठागरे चालली. आगर म्हणजे मिठाचे शेत, आणि आगरी समाजाचे नाव त्या आगराशी जोडले जाते. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात तापवीत न्यायचे, आणि उन्हाने उरलेले मीठ ओढायचे. त्याच पाण्याबरोबर कोलंबी येते, जिताडा येतो. बांधाच्या आतल्याला जे उधाण वैरी, तेच बांधाबाहेरच्याला अन्नदाता. एकाच घरात दोघेही असत. शेतात असताना बाप ज्या पाण्याला शिव्या देई त्याच पाण्यात तो संध्याकाळी जाळे टाकी.

म्हणून मराठीत 'आनंदाला उधाण आले', 'उत्साहाला उधाण आले' असे आपण म्हणतो, तेव्हा आपण लॅटिन माणसासारखेच बोलत असतो. फरक एवढाच की लॅटिन शब्दात लाट काठ ओलांडून गेली, पण काठावर कोण होते हे शब्द सांगत नाही. उलव्याच्या मुलाला ते ठाऊक होते.

आता आपल्या मराठी शब्दांची थोडी झडती घेऊ. मला नेहमी वाटते की 'पुष्कळ' हा शब्द कोणत्याही भाषेने कसा बनवला हे पाहिले, की त्या लोकांनी सुख कशात मोजले ते कळते.

'पुष्कळ' हा संस्कृत 'पुष्कल'. आज आपण तो वाटेल तिथे वापरतो. पुष्कळ माणसे, पुष्कळ ताप. पण जुन्या संस्कृत परिभाषेत पुष्कल हे धान्याचे एक नेमके माप होते. आठ मुठी म्हणजे एक कुंची, आठ कुंची म्हणजे एक पुष्कल, आणि चार पुष्कल म्हणजे एक पूर्णपात्र. हिशेब करा. एक पुष्कल म्हणजे चौसष्ट मुठी! ज्या शब्दाला आज काही हद्दच नाही तो एके काळी मुठीने मोजलेला होता.

'उदंड'ची गोष्ट निराळी. संस्कृतात उद्दंड म्हणजे दांडा वर उगारलेला. हिंदीत तो शब्द मग उर्मट माणसाला चिकटला. मराठीने त्याच दांड्याला आशीर्वाद बनवले. आपण 'उदंड आयुष्य लाभो' म्हणतो. हिंदी प्रांतातल्या पाहुण्याला मात्र हा आशीर्वाद जपून द्यावा. 'अमाप' म्हणजे ज्याला माप नाही ते, आणि 'अलोट' म्हणजे जे मागे लोटता येत नाही ते. म्हणून गर्दी अलोट असते, धान्य अलोट नसते. 'विपुल' हा लेखकाच्या वाट्याला आला. विपुल लेखन म्हणतात, विपुल मासळी कुणी म्हणत नाही. निदान कोळीवाड्यात तरी मी ऐकलेले नाही.

आणि 'मुबलक'. वर्तमानपत्रांचा हा लाडका शब्द. मुबलक पाणी, मुबलक साठा, मुबलक खत. हा अरबी 'मब्लग'. अरबीत त्याचा मूळ धातू पोहोचणे या अर्थाचा आहे. हिशेब करीत करीत जिथे पोहोचलो ती रक्कम म्हणजे मब्लग. वयात पोहोचलेला तो बालिग, तोही याच धातूचा. जुन्या दप्तरी लिखाणात रकमेच्या आधी हा शब्द येई. फारसी अमदानीत तो आपल्या कारकुनांच्या लेखणीत शिरला, आणि रक्कम म्हटली की मोठीच, या हिशेबाने 'रक्कम'चा अर्थ 'पुष्कळ' झाला. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून दरबारातले फारसी शब्द हटवण्याचा प्रयत्न केला. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. १९२५ साली माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी फारसी-मराठी कोश छापला तेव्हा असे किती शब्द आपल्या घरात नांदताहेत हे लोकांना एकत्र दिसले. मुबलक मात्र कुणाच्या सांगण्याने उठून गेला नाही. तो घरचाच झाला.

वापरातली एक बारीक गोष्ट शिक्षकांसाठी सांगतो. मुबलक हा शब्द उपयोगी वस्तूलाच लागतो. मुबलक चारा म्हणतात, मुबलक दुःख म्हणत नाहीत, मुबलक शत्रूही नाहीत. त्यामागे मोजदाद आहे, वाटप आहे. इंग्रजी 'ॲबंडंट'चेही जवळपास तसेच. बोलताना इंग्रज माणूस 'प्लेंटी' म्हणेल. 'ॲबंडंट' तो लिहिताना काढतो. पाऊस, पीक, पुरावा अशा गोष्टींना लावतो. आपली मुले 'माझ्याकडे ॲबंडंट मित्र आहेत' असे लिहितात, ते वाचून हसू येते. आता मी हसताना जरा जपून हसतो.

गणिताच्या शिक्षकांनाही उपाशी ठेवत नाही. जिच्या भाजकांची बेरीज तिच्यापेक्षा जास्त भरते अशा संख्येला इंग्रजीत 'ॲबंडंट नंबर' म्हणतात. सर्वांत लहान अशी संख्या बारा. एक, दोन, तीन, चार आणि सहा यांची बेरीज करा, सोळा होते. संख्यांची ही वर्गवारी ग्रीक गणिती निकोमाकस याच्या ग्रंथात आढळते. त्याला दोन हजार वर्षे होत आली. आपल्या जुन्या मापांत चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. पण मण कुठे बारा पायलींचा, कुठे सोळा पायलींचा. बाराच्या मणाची सोय अशी, की त्याचा अर्धा, तिसरा, चौथा, सहावा, कुठलाही वाटा पायली न फोडता काढता येतो. पीक वाटून घ्यावे लागणाऱ्या मुलुखाला ही संख्या सोयीची होती.

वाटून घेणे म्हटले की खरा इतिहास सुरू होतो. खळ्यावर भाताची रास पडली म्हणजे पुष्कळ झाले खरे, पण कुणाचे?

कुलाबा जिल्ह्यात खाऱ्या जमिनीची एक जुनी पद्धत होती, तिला शिलोत्री म्हणत. ज्याने बांध घातला तो शिलोत्रदार. बांध राखायचा म्हणून तो कुळाकडून बिघ्यामागे भाताचे ठरीव माप घेई. मूळ करार रास्त होता. बांध राखला तर माप. पुढे बांध ढासळले तरी माप चालू राहिले, अशा तक्रारी झाल्या. खोतांच्या गावी आणखी कठीण. घेताना एक माप आणि देताना दुसरे, हे गाऱ्हाणे साऱ्या कोकणात जुने. खळ्यावरची रास अमाप दिसे, आणि खोताचे माप भरून झाल्यावर कुळाच्या पदरात पडे ते मुठीने मोजण्याइतके.

या गाऱ्हाण्याने एकदा फार मोठे रूप घेतले. अलिबाग तालुक्यातल्या चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी संप पुकारला. पुढारी होते नारायण नागू पाटील. पंचवीस गावचे शेतकरी त्यात उतरले. संप म्हणजे काय, तर जमीन कसायचीच नाही. गिरणीचा संप झाला तर यंत्र थांबते. इथे माणसाने आपल्या हाताने आपले पीक थांबवले. लाकडे तोडली, मासे धरले, मोलमजुरी केली, पण खोताच्या जमिनीत नांगर घातला नाही. हे एक वर्ष नव्हे, १९३९ पर्यंत चालले. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीला येऊन शेतकऱ्यांना भेटले. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. १९३९ साली मुंबई इलाख्यात कुळकायदा झाला त्यात या संपाचा मोठा वाटा. शब्दांच्या इतिहासात या सहा वर्षांना मी जागा देतो, कारण पिकवण्याचे सामर्थ्य असलेल्या माणसांनी इथे जाणूनबुजून 'पुष्कळ' नाकारले. मापावर आपला हात नसेल तर रास मोठी असून काय उपयोग, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढचे वेगाने सांगतो. १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ साली खोती नष्ट करण्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारा जमिनीचा मालक मानला जाऊ लागला. त्याच सुमारास मापेही बदलली. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली आणि काही वर्षांत शेर-पायली जाऊन बाजारात किलो आला. कुळाला जमीन मिळाली. घेण्याचे माप आणि देण्याचे माप एक झाले. पिढ्यांनी मागितलेली गोष्ट हाती आली.

आणि अवघ्या तेरा वर्षांनी नोटिसा निघाल्या. मुंबईच्या गर्दीला खाडीपलीकडे वाट करून देण्यासाठी नवे शहर वसवायचे ठरले. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली पंचाण्णव गावे नव्या शहराच्या आखणीत आली. पनवेल-उरणच्या खाऱ्या जमिनी, मिठागरे, बांध सगळे त्यात. शहर नको असे मी म्हणणार नाही. मी स्वतः त्या शहरात राहतो, तिथला पगार खातो. पण शब्द कसा बदलला ते बघा. आता भाताच्या मापाऐवजी नवा शब्द आला, 'मोबदला'. हाही अरबी; बदल, बदली यांच्या घरातला. मोबदला आणि मुबलक एकामागून एक उच्चारून पाहा, सख्खे भाऊ वाटतात. पण एकाचा अर्थ 'पुष्कळ', आणि दुसऱ्याचा, 'दिले त्याच्या बदल्यात जे मिळाले ते'. या दोन शब्दांमधली फट हाच मग भांडणाचा विषय झाला.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात आणि उरणच्या बाजूला मोबदल्यासाठी आंदोलन झाले. नेते होते दि. बा. पाटील. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मरण पावले. त्यानंतर धोरण बदलले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना १९९० नंतर अमलात येत गेली, आणि विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना पुढे साडेबावीस टक्क्यांचा देकार मिळाला. शंभरातले साडेबावीस. खोताच्या काळी कुळ भाताचा वाटा मोजत होते. आता मालक जमिनीचा वाटा मोजू लागला.

विमानतळासाठी दहा गावे उठली. उलवे त्यांतले एक. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली ही शेजारची नावे. नव्वद मीटरांवर उंच असलेली उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि २५ डिसेंबरला विमाने सुरू झाली. उलवे हे नाव आता शेजारच्या नव्या वसाहतीला आहे. उंच इमारती आहेत, रुंद रस्ते आहेत, १२ जानेवारी २०२४ पासून समुद्रावरचा अटल सेतू जवळ आहे. घरांच्या जाहिरातींत मुबलक हवा आणि मुबलक उजेड लिहिलेला असतो. शब्द आपल्या मूळ गावी, रकमेपाशी, परत पोहोचला म्हणायचा.

मग त्या लाटेचे दुसरे लेकरू आठवते, रिडंडंट. उघाडीचे दार कधी अडते, खांड कुठे पडणार हे पाण्याच्या आवाजावरून ओळखणारा माणूस आजही हयात आहे. त्याच्या या विद्येला विचारणारे आता उरलेले नाही.

अशाच एका माणसाला मी भेटून आलो. तो मागच्या बाकावरचा मुलगा मला आपल्या आजोबांकडे घेऊन गेला. 'उधाण'चे उत्तर बरोबर होते, चूक माझी होती, हे मी त्याला वर्गात सर्वांसमोर सांगितले होते. त्याचे हे फळ. पुनर्वसनाच्या जागेवर बांधलेले तीन मजल्यांचे घर. खाली दोन गाळे भाड्याने दिलेले. आजोबा ओटीवर बसले होते. बोलता बोलता त्यांनी नातवाला आतून पायली आणायला सांगितली. लाकडी, लोखंडी पट्ट्यांची, वापरून गुळगुळीत झालेली. खळ्यावर माप घालताना पहिल्या पायलीला एक म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. त्यांनी रिकामी पायली हातात धरून मला ते म्हणून दाखवले.

मी त्यांना विचारले, "आजोबा, तुमच्या वेळी पुष्कळ भात झालं असं केव्हा म्हणायचे? किती खंडी झाल्यावर?"

आकडा मिळेल अशी माझी अपेक्षा. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नवा भात घरान येईपर्यंत पुरंल तवरा, मास्तर."

मला एकदम आयर्लंड आठवले. इंग्रजीत 'गलोर' म्हणून एक शब्द आहे, अर्थ रेलचेल. तो आयरिश भाषेतून आला, आणि आयरिशमध्ये त्याचा अर्थ होता 'पुरेसे'. आयरिश शेतकऱ्याचे पुरेसे ते इंग्रजाला पुष्कळ वाटले असावे. हे मी आजोबांना सांगायला गेलो, पण तेवढ्यात डोक्यावरून विमान गेले आणि बोलणे थांबवावे लागले. आवाज विरल्यावर त्यांनी विचारले, "काय म्हटलंत?" मी म्हटले, काही नाही. नातवाने पायली आत नेऊन ठेवली. चहा झाला, आणि मी संध्याकाळच्या गाडीसाठी स्टेशनवर आलो. स्टेशनचे नाव खारकोपर. फलाटावर उभे राहून पाटी वाचली, तेव्हा लक्षात आले की त्या नावातला 'खार' अजून तसाच आहे.